अधिवास म्हणजे नेमकं काय, आणि माळावर झाडं लावावीत का?

नमस्कार मॅडम,

तुम्ही लिहिलंय की आठवीच्या वर्गात ‘अधिवास’ शिकवताना एका मुलीनं विचारलं, ‘आपल्या माळावर तर काहीच नाही, मग तो कुणाचा अधिवास?’ आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीनं ठरवलं की यंदा पावसाळ्यात त्या ४० एकर गायरानावर ५ हजार रोपं लावायची, ‘पशुपक्ष्यांसाठी अधिवास तयार करायचा’. अधिवासाची बरोबर व्याख्या कोणती आणि मुलांना लागवडीला न्यावं की नाही, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मला हे दोन्ही एकच वाटतात. गेली सव्वीस वर्षं मी सोलापूर, नगर, पुणे पट्ट्यातल्या माळांवर पक्ष्यांच्या आणि गवतांच्या नोंदी घेत हिंडतोय, त्या अनुभवावरून लिहितो. उत्तर लांबेल, पण घाईत सांगण्यासारखं ते नाही.

अधिवास हा शब्द मुलांना बहुधा तहसील कचेरीमुळे माहीत असतो. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे कागद जोडले की अधिवास प्रमाणपत्र मिळतं. ‘सजीव जिथे राहतो ती जागा म्हणजे अधिवास’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या त्याच वळणाची आहे. चूक नाही, पण अपुरी आहे. अमुक माणूस इथे राहिला, एवढंच दाखला सांगतो. परिसरशास्त्रातल्या अधिवासाला त्याहून जास्त सांगावं लागतं: हा जीव इथे पोट भरू शकतो का, त्याला जोडीदार मिळतो का, त्याची पिल्लं वाढून मोठी होतात का. अन्न, पाणी, आडोसा, विणीची जागा, सोसवेल इतकंच ऊन आणि थंडी, शत्रूपासून निभावण्याची सोय, हे सगळं ज्या जीवाला जिथे त्याच्या आवाक्यात मिळतं, तो त्या जीवाचा अधिवास. यातला ‘त्या जीवाचा’ हा भाग मुलांकडून घोटून घ्या. नुसता ‘चांगला अधिवास’ असं काही नसतं. कुणासाठी चांगला, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

आता त्या मुलीच्या ‘काहीच नाही’कडे येतो.

एप्रिल-मे महिन्यात सकाळी साडेसहाला तुमच्या माळावर जा. जिथे मुरूम उघडा पडलाय, गवत विरळ आहे, खडे विखुरलेत, तिथे सावकाश चाला. डोळ्यापुढे पिवळा लोंबता पडदा असलेली, काळ्या टोपीची टिटवी ओरडत उठली आणि थोडं उडून पुन्हा जमिनीवर उतरली, की तिथेच थांबा. ही माळटिटवी. पाणथळीजवळची लाल पडद्याची टिटवी वेगळी. माळटिटवीचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेली बशीएवढी खळगी, कडेला चार खडे, कधी शेळ्यामेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या. त्यात चार अंडी असतात, टोकं आत करून ठेवलेली. मुरमाच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. मी पहिल्यांदा असं घरटं शोधलं तेव्हा ते माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर होतं आणि तरीही मला दिसत नव्हतं. बरोबरच्या मेंढपाळ आजोबांनी काठीचं टोक त्याच्या शेजारी टेकवलं, तेव्हा कुठे दिसलं.

त्या पक्ष्याला तिथे काय काय लागतं बघा. उघडी जमीन लागते, कारण अंड्यांचा रंग फक्त तिथेच मिसळून जातो. चहूबाजूंनी मोकळी नजर लागते, म्हणजे कोल्हा, खोकड, कुत्रं लांबूनच दिसेल आणि अंड्यांवरून गुपचूप उठून बाजूला होता येईल. जवळपास एखादं डबकं लागतं, कारण दुपारी ऊन कडक झालं की ही टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. किडे लागतात, आणि ते गवतात मिळतात. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या माळावर आहे. आता तिथे अठरा-वीस फुटांवर रोप लावलं तर काय होईल? पहिली तीन-चार वर्षं खड्डे, पाण्याचे टँकर, माणसांची ये-जा. नंतर झाडं वाढली की कावळ्याला बसायला उंच जागा मिळते, आणि कावळ्याला उंचावरून अंडी शोधायला फार वेळ लागत नाही. जमिनीवर वीण करणारे पक्षी उंच झाडांपासून लांब राहतात ते याचसाठी. ‘पक्ष्यांसाठी’ लावलेली झाडं बुलबुल-मैनांना उपयोगी पडतील हे खरं, पण ते पक्षी तुमच्या गावात, बांधावर, शाळेच्या आवारात आजही भरपूर आहेत. माळटिटवीला दुसरीकडे जागा नाही.

माळाकडे बारकाईनं पाहिलं की एकाच माळाचे कितीतरी माळ होतात. काळविटाला आखूड गवत आणि पळायला मोकळं मैदान लागतं. धाविक पक्षी तर जवळजवळ उघड्या जमिनीवरच धावताना दिसतो. तणमोराचं उलट. तो पावसाळ्यात विणीला येतो तेव्हा त्याला गुडघाभर उंचीचं गवत हवं असतं. त्यात मादी लपते आणि नर दिवसातून शेकडो वेळा गवताच्या वर उडी मारून तिला आपण कुठे आहोत ते दाखवतो. गवत फार आखूड असेल तर मादीला आडोसा नाही, फार उंच झालं तर नराची उडी दिसत नाही. अकोला-वाशीम भागात जे थोडे तणमोर उरलेत, त्यांच्या संवर्धनात फासेपारधी समाजातली माणसं पुढे आहेत. गवत कुठे किती वाढलं की पक्षी उतरतो, ही जाण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. शिकारी पक्षी असूनही ते रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर, घोळक्यानं मुक्काम करतात. म्हणजे तुमचा माळ उन्हाळ्यात टिटवीचा, पावसाळ्यात तणमोराचा आणि थंडीत भोवत्याचा असू शकतो. जूनमध्ये जाऊन ‘इथे काही नाही’ म्हणणं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत शाळेत जाऊन ‘इथे मुलंच नाहीत’ म्हणण्यासारखं आहे.

अधिवासाचं मापही जीवागणिक बदलतं. शेणकिड्याला एक पोवटा पुरतो. विंचवाला, पालीला, सापसुरळीला एका दगडाची खालची बाजू पुरते. दुपारी दोन वाजता त्या दगडाच्या वर हात टेकवत नाही, पण तोच दगड हळूच उचलला तर खाली ओल आणि गारवा सापडतो. (मुलांना हे जरूर दाखवा, पण काठीनं उचला आणि दगड होता तसाच परत ठेवा, उलटा ठेवलात तर खालचं घर मोडलं.) लांडग्याच्या कळपाला मात्र शंभराहून जास्त चौरस किलोमीटर लागतात, त्यात माळ, नाले, शेतं, धनगरांचे वाडे (मेंढरांचे तळ) सगळं आलं. तुमचे ४० एकर लांडग्याचा अख्खा अधिवास होऊच शकत नाहीत, पण पिल्लं घालायला शांत ओघळ तिथे असेल तर तेवढाच तुकडा त्याच्या सगळ्या मुलखातला सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

इथे दोन शब्दांचा घोळ काढून टाकतो, कारण परीक्षेत मुलं हमखास गोंधळतात. परिसंस्था म्हणजे माळावरचे सगळे जीव, माती, पाणी, ऊन आणि त्यांच्यातली देवाणघेवाण, हे सगळं मिळून. अधिवास हा एका जातीच्या बाजूनं पाहिलेला असतो. आणि ती जात तिथे काय खाते, कधी खाते, कुणाची शिकार होते, ही तिची भूमिका. तिला इंग्रजीतून ‘निश’ म्हणतात. काळवीट आणि टोळ एकाच माळावर, एकच गवत खातात. जागा एक, पण जगण्याची रीत वेगळी. एवढं पुरे.

आता माळढोक या पक्ष्याबद्दल, कारण अधिवास न कळल्याची किंमत आपण तिथे मोजली. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर दाखवलेलं होतं. गावंच्या गावं आणि शेतजमिनी त्यात आल्या, व्यवहारांवर निर्बंध आले, आणि लोकांच्या मनात एका निरुपद्रवी पक्ष्याबद्दल राग बसला. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. नकाशावरची रेघ मोठी होती तेव्हा आणि लहान झाली तेव्हाही, खरा प्रश्न रेघेचा नव्हताच. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला नाचायला आखूड गवताचा उंचवटा लागतो, अंड्याला शांत माळ लागतो, आणि चरायला आजूबाजूची शेतं लागतात: कोरडवाहू ज्वारी, हरभरा, भुईमूग, त्यातले टोळ आणि भुंगेरे. म्हणजे शेतकऱ्याचं रान हा त्याच्या अधिवासाचाच भाग होता. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा आल्या, मांडवाच्या तारा आल्या, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला उडताना समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, त्यामुळे तारांना धडकून पक्षी मरतात. अभयारण्याच्या कुंपणात गवत जागेवरच राहिलं आणि तरी अधिवास संपत गेला. आज जगात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तरी बातमी होते. मी तिथे एका सकाळी सात पाहिले होते. ती वही अजून जपून ठेवली आहे.

शेतकऱ्यानं ऊस लावला यात त्याचा दोष मी मानत नाही. कोरडवाहू ज्वारीला भाव मिळाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ‘अभयारण्य केलं म्हणजे अधिवास वाचला’ ही समजूत मात्र सोडायला हवी. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचं. तिथली काळविटं आणि चिंकारा रोज हद्द ओलांडून गायरानात, पडीत, शेतात येतात. तुमच्यासारख्या गावांच्या माळांवरच ती अभयारण्यं टिकून आहेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. माणसानं बदललेली जागा कुणासाठी तरी अधिवास होतेच. जुन्नर-अकोले भागात ऊस हा बिबट्याचा अधिवास झालाय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, शेतांनी भरलेल्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री होती. उसात आडोसा आहे, पाणी आहे, गावात कुत्री-शेळ्या आहेत, मादी तिथेच पिल्लं घालते. व्याख्येत तो पूर्ण बसतो. पण हे घर दर वर्षी तोडणीला जातं आणि बछडी उघड्यावर पडतात. त्यामुळे एखादा प्राणी दिसला की लगेच ‘त्याला इथे चांगलं चाललंय’ असं म्हणू नये.

आणि जागा तशीच दिसत असतानाही आतून बदलू शकते, याचं उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहे. तिथे पवनचक्क्या आल्या. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास आला: पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे जास्त, आणि ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात, कारण वरून झडप घालणारं कुणी उरलं नाही. गवत तेच, दगड तेच, सरडा तोच. पण शत्रू हाही अधिवासाचा भाग असतो, आणि तो गेला की राहणाऱ्याचा स्वभावही बदलतो. (या सरड्यांच्या प्रजातीला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव देताना ‘सरडा’ हा आपला मराठी शब्दच घेतलाय. वर्गात सांगा, मुलांना आवडेल.)

मग माळाला ‘पडीक’ का म्हणतात? महसुलाच्या लेखी जे पिकत नाही ते पडीक. आणि आपल्या मनात असं बसलंय की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ उरला. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण सह्याद्रीच्या पूर्वेच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गवत आणि विरळ काटेरी झाडं हीच जुनी वनश्री आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी शेकडो वर्षांच्या जुन्या मराठी कथा, ओव्या, लोकगीतांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानवनस्पतींचे उल्लेख वेचले; २०२५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ४४ रानवनस्पती सापडल्या, त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश मोकळ्या माळरानात वाढणाऱ्या. हे वाचताना मला त्या मेंढपाळ आजोबांची आठवण झाली. ‘हे आधीपासून असंच आहे’ असं ते मला किती वर्षं सांगत होते, आणि मी पदवी घेतलेला माणूस मान डोलावून पुढे जात होतो.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका तालुक्यात पखुर्डी, चंडोल आणि धाविक या पक्ष्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी असलेल्या माळावर एका यंत्रणेनं सलग समपातळी चर खणले आणि गिरिपुष्पाची रोपं लावली. सोहळा झाला, फलक लागला. चरातून उकरलेल्या मातीवर गाजरगवत माजलं. बरीच रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली, जगली ती दाट झाली. तिसऱ्या वर्षी मी गेलो तेव्हा पखुर्डी एकही नव्हती, आणि मेंढरांना गवत उरलं नव्हतं म्हणून वाडे यायचे थांबले होते. झाडं लावणाऱ्या माणसांचा हेतू वाईट नव्हता. माळ कुणाचा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीला मी सांगेन: रोपं लावा, पण माळावर नको. गावठाण, शाळा, रस्त्याच्या कडा, ओढ्याकाठ, ज्यांना हवं त्यांचे बांध. तिथे लिंब, करंज, चिंच, वड लावा. माळावर जी बोर, हिवर, बाभूळ, तरवड आपसूक उगवली आहे तेवढी राहू द्या. कष्टच करायचे असतील तर बाहेरून येऊन पसरणारी वेडी बाभूळ आणि घाणेरी उपटा, हे रोपं लावण्याइतकंच घामाचं काम आहे आणि मुलांच्या फोटोलाही चालेल. माळाचे तीन-चार भाग करून पाळीपाळीनं एक भाग पावसाळ्यात चराईला बंद ठेवा, म्हणजे पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचं बी पडेल. चराई सरसकट बंद करू नका. मेंढरं गेली की गवत नुसतं माजतं आणि आखूड गवताचे पक्षी निघून जातात. वणवा लावू देऊ नका. गावातली मोकाट कुत्री आणि त्यांना पोसणारा उघड्यावरचा कचरा हा जमिनीवरच्या घरट्यांचा आज सगळ्यात मोठा वैरी आहे, त्याचा बंदोबस्त ग्रामसभेत घ्या. धनगरांना या बैठकीला बोलवा, आणि मागे बसवू नका.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक वर्ष नुसतं बघा. वर्गातल्या मुलांचे गट करून महिन्यातून दोनदा सकाळी माळावर न्या. तीन प्रश्न पुरतात: कोण दिसलं, काय करत होतं, आणि गवत घोट्याइतकं, गुडघ्याइतकं की नव्हतंच. बारा महिन्यांची ती वही ग्रामसभेत ठेवली तर माझ्या या पत्रापेक्षा ती जास्त वजनदार ठरेल.

मे संपायच्या आत पहिली फेरी झाली तर उत्तम, कारण माळटिटवीची वीण अजून चालू असेल. घरटं सापडलं तर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका आणि नऊच्या आत परत फिरा; तुम्ही उभे असेपर्यंत पक्षी अंड्यांवर येत नाही, आणि त्या उन्हात अंडी उघडी पडतात. ज्या मुलीनं प्रश्न विचारला तिला सगळ्यात पुढे चालू द्या.